शिक्का आणि मोर्तब : सहायक टी-पेशी जागी कशी होते?

शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. आपल्या शरीरातील सहायक टी-पेशीचा कारभारही काहीसा असाच आहे. एका खुणेवर ती शस्त्र उचलत नाही. हे उमगण्यात विज्ञानाची काही दशके गेली. आजचा थ्रेड त्या दशकांचा. 🧵

आरंभ १९६१ चा, लंडनमधला. छातीत हृदयाच्या वर असणारी थायमस ग्रंथी त्या काळी निरुपयोगी समजली जाई. वयात येताच ती आक्रसू लागते, म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे सुरेख नाव आहे. प्रौढ प्राण्यातून ती काढली तरी फारसे काही बिघडत नसे. जॅक मिलर यांनी मात्र ती नवजात उंदरांतून काढली. ते उंदीर संसर्गाने खंगून मरू लागले आणि परक्या उंदराच्या त्वचेचे कलमही त्यांनी विनातक्रार स्वीकारले.

पुढे मेलबर्न येथे मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात. थायमसमधून आलेल्या पेशी स्वतः प्रतिपिंडे बनवत नाहीत, पण त्यांच्या साहाय्यावाचून पहिल्यांचे काम नीट चालत नाही. ‘सहायक’ हे बिरुद इथूनच आले.

आता पुढचा प्रश्न. या सहायकाला वर्दी कोण देतो?

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोहन यांना उंदराच्या पानथरीत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या काही विरळ पेशी दिसल्या. ग्रीक भाषेतील ‘वृक्ष’ या शब्दावरून स्टाइनमन यांनी त्यांना ‘डेन्ड्रिटिक’ म्हटले. अनेकांनी या शोधाकडे संशयाने पाहिले. या भक्षकपेशीच असाव्यात, असा त्यांचा कयास. १९७८ मध्ये स्टाइनमन यांनी उत्तर दिले : टी-पेशींना चेतवण्यात या पेशी इतर पेशींपेक्षा किमान १०० पट प्रभावी आहेत.

त्यांचे काम थोडक्यात असे. ऊतींत गस्त घालायची, जंतू गिळायचा, त्याच्या प्रथिनांचे तुकडे करायचे आणि ते एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत मांडून लसिकाग्रंथी गाठायची. तिथे असंख्य टी-पेशींपैकी जिचा ग्राही त्या तुकड्याशी जुळेल, तिला पहिली खूण मिळते. हा झाला शिक्का.

मोर्तबाची कल्पना आधी कागदावर जन्मली. ब्रेचर आणि कोन यांनी १९७० मध्ये प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींसाठी दोन संकेतांचा सिद्धान्त मांडला. लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी १९७५ मध्ये तशीच मांडणी टी-पेशींसाठी केली. पुरावा १९८७ चा. जेनकिन्स आणि श्वार्ट्झ यांनी रसायनाने निश्चेष्ट केलेल्या पेशींकडून टी-पेशींना नुसता तुकडा दाखवला. टी-पेशी जाग्या तर झाल्या नाहीतच, उलट पुढे तोच तुकडा जिवंत पेशीने दाखवला तरी त्या मूकच राहिल्या! शिक्का आहे आणि मोर्तब नाही, तर ते पत्र बनावट समजावे, असा हा न्याय. आपल्याच शरीरावर चालून जाण्यापासून टी-पेशींना आवरणारी ही एक महत्त्वाची तजवीज आहे. दुसरी खूण म्हणजे टी-पेशीवरील सीडी२८ आणि समोरच्या पेशीवरील बी७ यांची गाठ, हे १९९१ पर्यंत स्पष्ट झाले.

पण मोर्तब केव्हा उठवायचे, हे डेन्ड्रिटिक पेशीला कसे कळते? येथे येलचे चार्ल्स जेनवे येतात, या कथेतील माझे सर्वांत आवडते पात्र. शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर बहुधा ढिम्म राहते; लस परिणामकारक व्हायला तिच्यात काहीतरी मिसळावे लागते. ग्लेनी यांनी १९२६ मध्ये घटसर्पाच्या लशीसाठी चक्क तुरटी वापरली होती; मृत जिवाणूंचे अंशही कामी येत. का, ते कोणी सांगत नसे. हे आपल्या शास्त्राचे ओशाळवाणे गुपित आहे, असे जेनवे यांनी १९८९ मध्ये भर परिषदेत सुनावले आणि भाकीत केले : जंतूंची सार्वत्रिक लक्षणे ओळखणारे ग्राही शरीरात असलेच पाहिजेत. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला माशीत, १९९७ मध्ये मेझितोव्ह आणि जेनवे यांना मानवात आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाला उंदरात त्यांचा माग लागला.

ही दुहेरी व्यवस्था डावलली तर काय होते, ते लंडनमध्ये १३ मार्च २००६ रोजी दिसले. पहिल्या खुणेवाचूनच सीडी२८ चेतवणारे टीजीएन१४१२ हे औषध ६ निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले. प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेचा तो अवघा ५०० वा भाग होता. सुमारे दीड तासात ते कोसळू लागले. सहाही जण अत्यवस्थ झाले. सारे वाचले, पण एकाने बोटे गमावली. चाचणीसाठी वापरलेल्या माकडांच्या ज्या सहायक टी-पेशींवर सीडी२८ नसते, नेमक्या त्याच मानवी पेशींवर ते असते, हे नंतर उघड झाले.

३ ऑक्टोबर २०११ रोजी हॉफमन, बॉयट्लर आणि स्टाइनमन यांना नोबेल जाहीर झाले. जेनवे २००३ मध्येच निवर्तले होते. स्टाइनमन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि साडेचार वर्षे ते इतर उपचारांबरोबर स्वतःच्याच डेन्ड्रिटिक पेशींपासून बनवलेल्या प्रायोगिक लशीही घेत होते. घोषणेच्या ३ दिवस आधी, ३० सप्टेंबरला, ते गेले; समितीला याची वार्ता नव्हती. मरणोत्तर पुरस्कार न देण्याचा नियम असूनही समितीने निर्णय कायम ठेवला.