पहिल्या गिऱ्हाइकाचा शोध

इनक्युबेटरचा इतिहास सांगणारे बहुतेक जण न्यूयॉर्क राज्यातल्या बटाविया गावापासून सुरुवात करतात. तिथला शेतीयंत्रांचा मोठा कारखाना 1956 साली बंद पडला आणि गावातली माणसं बेकार झाली. मॅन्कुसो कुटुंबानं ती अवाढव्य इमारत विकत घेतली खरी, पण एवढी जागा एकहाती घेणारा भाडेकरू मिळेना. मग जोसेफ मॅन्कुसोनं 1959 पासून तिचे लहान लहान भाग छोट्या उद्योगांना द्यायला सुरुवात केली. सोबत सामायिक कार्यालयाची सोय, धंद्याचा सल्ला आणि भांडवल उभं करायला मदत. भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिल्लं उबवणारी एक कंपनी होती, तिच्यावरून या पद्धतीला 'इनक्युबेटर', म्हणजे उबवणी-यंत्र, हे नाव मिळालं.

मला मात्र संरक्षण-संशोधनातल्या स्टार्टअपना आधार देणाऱ्या केंद्रांची वंशावळ बटावियाशी पूर्णपणे जुळत नाही असं वाटतं. बटावियातला भाडेकरू आपला माल कुणालाही विकू शकत होता. टेहळणीचं विमान किंवा रात्रीच्या अंधारात पाहणारी दुर्बीण बनवणाऱ्यासमोर देशात मुख्य गिऱ्हाईक एकच उभं असतं, ते म्हणजे सरकार. त्यानं नाही म्हटलं तर जागा, सल्ला आणि भांडवल असूनही कंपनी बुडते. म्हणून मागोवा घ्यायचा तर इमारतींचा घेऊन भागणार नाही, गिऱ्हाइकाचाही घ्यावा लागेल.

भारतात ते दार दीर्घकाळ बंद होतं. इंग्रजांनी कोलकात्याजवळ काशीपूरला तोफांचा आणि 1869 साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला, तेव्हापासून शस्त्रनिर्मिती हे सरकारनं स्वतःच करायचं काम ठरलं. स्वातंत्र्यानंतर 1948 आणि 1956 च्या औद्योगिक धोरणांनी तेच कायम ठेवलं. शस्त्रं आणि दारूगोळा सरकारच्या राखीव यादीत गेले. खासगी कारखानदार सुटे भाग पुरवू शके, पूर्ण प्रणाली नाही. त्या काळात हे समजण्यासारखं होतं. नव्या देशाला शस्त्रांचा खासगी बाजार नको होता. पण त्याची किंमत अशी, की एखाद्या हुशार इंजिनिअरला लष्करासाठी काही सुचलं, तर सरकारी नोकरीत शिरण्यावाचून त्याला वाट नव्हती.

1958 हे वर्ष या संदर्भात फार महत्त्वाचं. त्या वर्षी लष्कराच्या तांत्रिक विकास संस्था आणि संरक्षण विज्ञान संघटना एकत्र करून डीआरडीओ ही संरक्षण-संशोधन संघटना उभी राहिली; सुरुवातीला तिच्याकडे दहा संस्था होत्या. पुण्यात तिची एआरडीई ही शस्त्र-संशोधन प्रयोगशाळा त्याच साली सुरू झाली. आणि त्याच साली, सोव्हिएत मदतीनं, मुंबईत आयआयटीची पहिली तुकडी वरळीतल्या तात्पुरत्या जागेत बसली; पवईचं आवार नंतर उभं राहिलं. पुढची कित्येक वर्षं प्राध्यापकांना डीआरडीओचे प्रकल्प मिळत राहिले. पण विद्यार्थ्यानं कंपनी काढावी आणि तिनं थेट लष्कराला माल द्यावा, ही कल्पना कुठल्याच फायलीत नव्हती.

1982 साली दोन देशांत दोन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. भारत सरकारनं विज्ञान-तंत्रज्ञानातल्या उद्योजकतेसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. त्यातून 'स्टेप' ही विज्ञान-उद्योजक उद्यानांची योजना आली. तिरुचिरापल्लीचं उद्यान त्यातलं सुरुवातीचं. याच परंपरेत पुढे टेक्नॉलॉजी बिझनेस इनक्युबेटर आले. अमेरिकेनं त्याच वर्षी कायदा करून एसबीआयआर ही लहान कंपन्यांच्या संशोधनासाठीची योजना आणली. रोलँड टिबेट्स यांनी सत्तरच्या दशकात नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये हा प्रयोग केला होता, त्याला कायद्याचं बळ मिळालं. मोठा संशोधन-खर्च असलेल्या प्रत्येक सरकारी खात्यानं त्यातला ठरावीक वाटा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, टप्प्याटप्प्यानं पैसे द्यायचे. यात सर्वांत मोठा वाटा संरक्षण खात्याचा. म्हणजे आपण जागा दिली, त्यांनी गिऱ्हाईक बांधून दिलं. आयडेक्स या आजच्या भारतीय योजनेचे (तिच्याविषयी पुढे) खरे पूर्वज बटावियापेक्षा टिबेट्स आहेत, असं माझं मत आहे.

आपल्याकडे कुलूप उघडलं ते 2001 साली. संरक्षण उत्पादन खासगी भारतीय कंपन्यांना खुलं झालं, 26 टक्के परकी गुंतवणुकीची मुभा मिळाली. दार उघडल्यावर लगेच कोणी आत आलं असं मात्र नाही. परवाने मोठ्या उद्योगसमूहांनी घेतले. चार-पाच जणांच्या कंपनीला खरेदीची प्रक्रिया पेलणारी नव्हती.

पवईत तेव्हा एक वेगळी गोष्ट वाढत होती. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी कंवल रेखी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या माहिती-तंत्रज्ञान विभागात एक छोटा इनक्युबेटर चालत होता. त्याचा विस्तार होऊन 2004 साली 'साइन', म्हणजे सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्युअरशिप, स्थापन झाली. अंकित मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आयडियाफोर्ज ही कंपनी 2007 साली सुरू झाली आणि साइनमध्ये वाढली. डीआरडीओच्या पुण्यातल्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) या प्रयोगशाळेबरोबर तिनं 'नेत्र' हा चार पंख्यांचा ड्रोन तयार केला. 1958 साली वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या दोन संस्था इथे एका छोट्या यंत्रात भेटल्या. '3 इडियट्स' या 2009 च्या चित्रपटातला उडणारा कॅमेरा याच कंपनीचा, हे अनेकांना माहीत आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पोलीस, निमलष्करी दलं आणि आपत्ती-मदत पथकं यांच्या छोट्या मागण्यांवर ही कंपनी तगली. लष्कराची मोठी मागणी जानेवारी 2021 मध्ये आली: 'स्विच' या, उभं उडून आडवं झेपावणाऱ्या ड्रोनसाठी, सुमारे 2 कोटी डॉलर किमतीची. सुरुवातीपासून तोवर तेरा-चौदा वर्षं गेली होती. एवढा काळ तग धरणं दहांतल्या नऊ जणांना जमणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

हे अंतर कमी करण्यासाठीच आयडेक्स हा संरक्षण खात्याचा स्टार्टअपसाठीचा उपक्रम आला. एप्रिल 2018 मध्ये चेन्नईच्या डिफेक्स्पो या संरक्षण-प्रदर्शनात तो जाहीर झाला. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या पैशातून तो चालवण्यासाठी एक ना-नफा संस्था उभी राहिली आणि साइनसारखे इनक्युबेटर तिचे भागीदार झाले. पद्धत साधी आहे. सेनादलं आपली अडचण लिहून देतात, स्टार्टअप उपाय मांडतात, निवड झालेल्याला नमुना बनवण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, तेवढाच वाटा कंपनीनं घालायचा. पैसे टप्पा पूर्ण झाला की सुटतात. इनक्युबेटरचं काम इथे बदललं. जागा भाड्यानं देणारा आता टप्पे तपासतो, कागदपत्रं पुरी करून घेतो, लष्करी अधिकारी आणि पंचविशीतला इंजिनिअर यांची भाषा एकमेकांना कळेल असं पाहतो. पुढे आयडेक्स प्राइममध्ये मर्यादा दहा कोटींवर गेली, 2024 च्या अदिती योजनेत पंचवीस कोटींवर. 2022 च्या अर्थसंकल्पानं संरक्षण-संशोधनाचा पाव हिस्सा उद्योग, स्टार्टअप आणि विद्यापीठांसाठी खुला केला. टिबेट्सच्या कल्पनेची ही चाळीस वर्षं उशिरा आलेली भारतीय आवृत्ती.

पण सर्वांत मोलाचा बदल 2020 च्या खरेदी-नियमावलीत झाला, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आयडेक्समधून यशस्वी ठरलेली वस्तू थेट विकत घेण्याचा मार्ग त्या नियमावलीत आला. त्याआधी उत्तम नमुना बनवणाऱ्यालाही सामान्य निविदेच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागायचं. अनुदानाची रक्कम किती वाढली यापेक्षा हा मार्ग वेळेत चालतो की नाही, यावर या साऱ्या केंद्रांचं यश मोजलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

वंशावळीत अजून एक पिढी यायची आहे, सुटे भाग बनवणाऱ्यांसाठीची. 2025 च्या फेब्रुवारीत चिनी सुटे भाग आढळल्यामुळे लष्करानं 400 ड्रोनच्या खरेदीचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या. ड्रोन इथे जुळवला जातो, पण मोटर, तिच्यातली चुंबकं, वेग नियंत्रित करणारं सर्किट आणि चिप हे बाहेरून येतं. मोटर बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक लष्कर नाही, ड्रोन बनवणारी कंपनी आहे, आणि तिला स्वस्त चिनी मोटर मिळत असते. त्यामुळे आयडेक्सची 'अडचण लिहून द्या' ही पद्धत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुणे, नाशिक, कोईमतूर इथले यंत्रउद्योग हे काम करू शकतात. त्यांना पहिली मागणी कोण देणार, हे पुढच्या योजनेनं आधी ठरवायला हवं.