झीनोचें दान आणि सोंगटीचें मोल

बायझंटाइन सम्राट झीनो यानें इ. स. ४७४ ते ४९१ पर्यंत राज्य केलें. ४७५ सालीं त्याचें सिंहासन गेलें आणि पुढच्याच वर्षीं तें त्यानें परत मिळविलें. परंतु पटाच्या खेळांच्या इतिहासांत त्याचें नांव राहिलें, तें एका फिसकटलेल्या डावामुळें. सहाव्या शतकांतील ग्रीक कवि अगाथियास यानें त्या डावाचें वर्णन इतक्या बारकाईनें केलें आहे कीं, तो पट आजहि पुन्हां मांडतां येतो.

त्या खेळास टॅब्युला म्हणत. २४ घरें, प्रत्येकाच्या १५ सोंगट्या आणि तीन फासे. दोन सोंगट्यांचें जुग जमलें कीं तें सुरक्षित. एकटी सोंगटी मात्र मारली जाई व तिला आरंभापासून चालावें लागे. झीनोला दोन, पांच आणि सहा असें दान पडलें. पुढच्या वाटा अडलेल्या असल्यामुळें स्वतःचींच जुगें फोडणें त्याला भाग पडलें आणि आठ सोंगट्या उघड्या पडल्या. तेथें निवडीस जागाच नव्हती.

सतराव्या शतकांत इंग्लंडांत बॅकगॅमन या नांवानें रूढ झालेल्या खेळांत फासे दोनच असतात आणि बहुधा प्रत्येक दानास अनेक चाली संभवतात. म्हणूनच तेथें खरा प्रश्न उभा राहतो: धोका पत्करावा कीं सोंगटी सांभाळावी?

पहिलेंच दान चार-एक पडलें, तर विसाव्या शतकांतील जाणते खेळाडू एकाच्या चालीनें आपल्या घरच्या चौकांतील पांचव्या घरांत एक सोंगटी एकटीच ठेवीत. पुढच्या खेपेस तेथें जुग करून प्रतिपक्षाची वाट अडवावी, हा हेतु. प्रतिपक्षाच्या सोंगट्या तिच्यापासून चार घरांवर असत. दोन फाशांच्या ३६ दानांपैकीं ११ दानांत चार येतो. तीन-एक दोन प्रकारें पडतें. शिवाय दुहेरी एक आणि दुहेरी दोन. एकूण १५ दानांत ती मरे आणि २० घरांची चाल वायां जाई.

१९९२ सालीं आयबीएम या कंपनींतील जेराल्ड टेसौरो यांनीं स्वतःशींच खेळून शिकणारी टीडी-गॅमन ही संगणकाची कार्यप्रणाली तयार केली. तिनें ही चाल सोडून अगदीं मागची सोंगटी एक घर पुढें सरकविली. तेथेंहि सोंगट्या उघड्या पडतात. परंतु त्यांतील एखादी मेली तरी एक-दोन घरांचेंच नुकसान. श्रेष्ठ खेळाडूंनीं ही चाल पारखून स्वीकारली.

यांतून धोक्याचा अर्थच स्पष्ट होतो. मार किती दानांत बसेल, एवढें मोजून भागत नाहीं. बसल्यास काय जाईल, तेंहि तोलावें लागतें. डावाच्या आरंभीं मागच्या सोंगटीपाशीं गमावण्यासारखें थोडेंच असतें. तीच सोंगटी मुक्कामाजवळ पोहोंचली, कीं तिच्याबरोबर जवळजवळ सबंध पटाची वाटचाल पणास लागते. तेव्हां तिला जपणें हेंच बहुधा शहाणपणाचें. दान दैवाचें खरें. पण कोणती सोंगटी केव्हां उघड्यावर ठेवावी, हा निर्णय खेळाडूचाच असतो.