गाडीच्या पाठीवरचा डोळा

माझे मामू ट्रकवर क्लीनर होते. आमच्या मिरजेकडे ड्रायव्हरच्या जोडीच्या या माणसाला ‘किन्नर’ म्हणतात. टायरमधली हवा बघणे, काच पुसणे, दोरखंड आवळणे, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावणे, ही त्याची कामे. पण खरे काम सुरू व्हायचे गाडी मागे घेताना. मामू खाली उतरून मागे जायचे आणि फाळक्यावर थाप मारत ओरडायचे, ‘आन दे, आन दे, आन दे...’ थापांची लय बदलली की ड्रायव्हरला कळायचे, आता हळू. एकच जोराची थाप म्हणजे थांब. शाळेच्या सुट्टीत मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. केबिनमध्ये बसून ऐकलेली ती थाप हीच माझी तालाशी झालेली पहिली ओळख असावी. वृत्ते वगैरे नंतर शाळेत शिकलो.

१९७९ साली सांगलीची हळद घेऊन गेलेला ट्रक मुंबईत मशीद बंदरच्या एका अरुंद गल्लीत मागे घेताना मामूंची थाप ड्रायव्हरला ऐकू गेली नाही. हातगाड्या, हमाल, सगळा कल्ला. मागचे चाक त्यांच्या डाव्या पावलावरून गेले. पाऊल वाचले, तीन बोटे गेली. मालकाने सांगितले, क्लीनरने इशारा दिलाच नाही. दिला होता की नाही हे पाहणारे तिथे कोणी नव्हते, आणि जे होते ते आपापली पोती उचलून निघून गेले. कामगाराला भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ पासून होता. तो मामूंना ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते बोलले नाहीत.

हे सगळे आठवायचे कारण असे की, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मामूंचा नातू आपल्या गाडीला मागच्या बाजूने, बाहेरून, एक वॉटरप्रूफ कॅमेरा बसवत होता. मामू आता ऐंशीच्या घरात आहेत. अंगणात खुर्ची टाकून ते बघत होते. त्यांनी विचारले, ‘हे काय करतं रे?’

‘दादा, तुम्ही करायचा ते.’

‘म्हणजे आन दे म्हणतं?’

‘म्हणत नाही. दाखवतं. आणि लिहून ठेवतं.’

‘लिहून ठेवतं’ म्हटल्यावर मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मात्र घरी येऊन पुस्तके उघडली. गाडीच्या पाठीला डोळा असावा हे माणसाला कधी सुचले, ते शोधू लागलो.

सुरुवात एका बाईपासून करावी लागते. डोरोथी लेव्हिट ही इंग्लंडमधली मोटार शर्यतींत भाग घेणारी धाडसी स्त्री. बायकांनी मोटार चालवावी हेच ज्या काळात लोकांच्या पचनी पडत नव्हते, त्या काळात, १९०९ साली, तिने स्त्री आणि मोटार या विषयावर पुस्तक लिहिले. त्यात तिचा सल्ला आहे की, गाडी चालवणाऱ्या बाईने एक छोटा हातआरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो उंच धरून मागे काय आहे ते पाहावे. शृंगारपेटीतली वस्तू तिने वाहतुकीच्या कामाला लावली. मोटार कारखान्यांना हे सुचायला आणखी बरीच वर्षे लागली.

दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. चाळीस गाड्या होत्या. बहुतेकांत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसे. इंजिनावर लक्ष ठेवायचे आणि मागून कोण येते ते सांगायचे, हे त्याचे काम. थोडक्यात, तोही क्लीनरच! रे हॅरन नावाच्या इंजिनिअर ड्रायव्हरची पिवळी ‘मार्मन वास्प’ गाडी मात्र एकट्यासाठी बांधलेली. दुसरा माणूस नाही म्हणजे वजन कमी, वेग जास्त. इतरांनी तक्रार केली की, हा मागे न बघता गाडी हाकणार, हा सगळ्यांच्या जिवावर उठेल. तेव्हा हॅरनने समोर चार दांड्यांवर आडवा आरसा बसवला. कल्पना त्याला शिकागोत एका घोडागाडीवर पाहिलेल्या आरशावरून सुचली होती, असे त्याने पुढे सांगितले. सहा तास बेचाळीस मिनिटांत, ताशी साधारण १२० किलोमीटरच्या सरासरीने, तो जिंकला.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असेल. मला तिचा उरलेला भाग जास्त आवडतो. ती धावपट्टी विटांची होती. लाखो विटांवरून धडधडत जाणाऱ्या गाडीत आरसा एवढा थरथरत होता की, त्यात काहीच दिसत नव्हते, अशी कबुली हॅरनने नंतर दिली. म्हणजे मोटारीच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध आरसा पाचशे मैल आंधळाच होता. सोबतचा माणूस उतरवला आणि त्याच्या जागी ठेवलेली वस्तू नुसती शोभेला! पुढे १९२१ साली एल्मर बर्जर या अमेरिकन माणसाने आरशाचे पेटंट घेतले आणि मागून येणारा पोलीस ओळखण्याचे साधन म्हणून तो विकला. सुरक्षिततेपेक्षा दंड चुकवणे हा ग्राहकाला केव्हाही जवळचा विषय.

आरशाला एक मर्यादा असते. तो जिथे आहे तिथूनच पाहतो. गाडीच्या पाठीला अगदी लागून, बंपरच्या खाली, लहान मुलाच्या उंचीवर काय आहे, हे त्याला दिसू शकत नाही. त्यासाठी डोळाच उचलून मागे न्यायला हवा. १९५६ साली जनरल मोटर्सने प्रदर्शनात ‘ब्यूक सेंच्युरियन’ नावाची गाडी मांडली. तिला आरसे नव्हतेच. शेपटीत टीव्हीचा कॅमेरा आणि ड्रायव्हरसमोर पडदा होता. तेव्हा आपल्याकडे टीव्हीच नव्हता. दिल्लीत तो १९५९ साली सुरू झाला. ही गाडी विक्रीला कधीच आली नाही. त्या काळच्या टीव्ही कॅमेऱ्याच्या पोटात काचेची नळी असे. ती मोठी, नाजूक आणि महागडी. रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती किती दिवस टिकली असती? १९७२ साली, म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी, व्हॉल्व्हो कंपनीने सुरक्षिततेच्या प्रयोगासाठी बांधलेल्या गाडीत पुन्हा मागचा कॅमेरा आणि पडदा बसवला. तोही प्रयोगच राहिला.

अडचण सोडवली ती गाड्यांशी संबंध नसलेल्या दोघांनी. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाश टिपून त्याचा विद्युतभार करणारी सिलिकॉनची चकती योजली. तिला सीसीडी म्हणतात. त्या कामाला २००९ साली नोबेल मिळाले. काचेची नळी गेली आणि कॅमेरा नखाएवढा होण्याचा रस्ता मोकळा झाला. १९९१ साली जपानमध्ये टोयोटाच्या ‘सोअरर’ या महागड्या गाडीला मागच्या पंखात बसवलेला असा कॅमेरा मिळाला. तो फक्त जपानातल्या गिऱ्हाइकांसाठी होता. कॅमेऱ्याची गंमत बघा, लॅटिन भाषेत ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. तोच शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून ‘कमरा’ होऊन आपल्या हिंदी-उर्दूत येऊन बसला. अंधाऱ्या खोलीच्या भोकातून आत येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास हजार वर्षांपूर्वी कैरोत इब्न अल-हैसम करत होता. त्या खोलीचा आकार आता शर्टाच्या बटणावर आला आहे.

मग कॅमेरा सगळ्या गाड्यांना का लागला नाही? श्रीमंतांची चैन म्हणून तो राहिला असता. २००२ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक बाप आपली मोठी गाडी घराच्या आवारात मागे घेत होता. त्याने आरशांत पाहिले होते, मान वळवूनही पाहिले होते. त्याचे दोन वर्षांचे मूल मागे होते. बाप स्वतः बालरोगतज्ज्ञ होता. त्याच्या दुःखाबद्दल मी काही बोलू नये हेच बरे. पण तो माणूस घरात बसून राहिला नाही, इतर आईबापांना घेऊन सरकारच्या दारात उभा राहिला. २००८ च्या फेब्रुवारीत त्या बाळाच्या नावाने कायदा झाला. कायदा झाला म्हणजे काम झाले असे अमेरिकेतही नसते. नियम करायची मुदत २०११ ची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. शेवटी आईबाप कोर्टात गेले, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च २०१४ रोजी, नियम जाहीर झाला. गाडी मागे घेताना वर्षाला सरासरी २१० माणसे मरतात आणि पंधरा हजार जखमी होतात, असा तिथल्या सरकारचाच अंदाज होता. मेलेल्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. मे २०१८ पासून तिथे बनणाऱ्या प्रत्येक नव्या लहान वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कायद्यावर सही झाली त्याला तोवर दहा वर्षे उलटली होती.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून टूं टूं करणारे सेन्सर सक्तीचे झाले. तो नियम सेन्सरचा, कॅमेऱ्याचा नव्हे. त्याच्या कितीतरी आधी आपण आपला स्वदेशी उपाय काढला होता. रिव्हर्स टाकला की गाडी गाणे म्हणायची. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत पहाटे कोण कामाला निघाले, हे मला गाण्यावरून कळायचे.

मामूंच्या नातवाचा कॅमेरा मात्र नुसता रिव्हर्सपुरता नाही. गाडी चालू असेपर्यंत तो मागचे सगळे टिपत राहतो. याला डॅशकॅम म्हणतात. रशियात त्याचा प्रसार एवढा झाला की, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा कामाला निघालेल्या लोकांच्या गाड्यांनीच तिचे चित्रण करून ठेवले होते. नातवाला उल्केची हौस नाही. गेल्या वर्षी सिग्नलला उभा असताना त्याला मागून एका मोटारसायकलने धडक दिली आणि जमलेल्या लोकांनी ठरवले की, यानेच गाडी मागे घेतली. चार हजार रुपये देऊन तो सुटला. ‘दादा, तुमच्यासारखंच झालं,’ तो म्हणाला. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा चित्रणाला रीतसर प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून जागा आहे.

कॅमेरा आतून, मागच्या काचेला लावला असता तर काम दहा मिनिटांत झाले असते. पण काचेवर धूळ, पाऊस, रात्री आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल भोवरा करून तिथेच येऊन बसतो. मागच्या काचेला वायपर देतात तो याचसाठी. म्हणून बाहेर लावायचा. बाहेर लावायचा तर पाण्याशी गाठ. खोक्यावर लिहिले होते ‘आयपी ६७’. यातला सहा धुळीचा आणि सात पाण्याचा. धूळ अजिबात आत जाणार नाही, आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवले तरी नुकसान होणार नाही, असा त्याचा अर्थ. पण ही परीक्षा स्वच्छ, स्थिर पाण्यातली. गाडी धुणारा पोरगा जवळून जोराचा फवारा मारतो, त्याचा पेपर वेगळा आहे. आणि कॅमेरा वॉटरप्रूफ असला तरी त्याच्या वायरीचा जोड बहुधा तसा नसतो.

नातवाला आधी नंबर प्लेटच्या स्क्रूमध्येच पट्टी अडकवायची होती. पण नव्या सुरक्षा प्लेटचे कुलूप एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि प्लेटवरचा एकही अंक झाकला जाता कामा नये. पत्र्याला भोक पाडू म्हणाला, तेव्हा मामू खुर्चीतून ओरडले, ‘गंज धरेल!’ अखेर जागा स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर कॅमेरा बसवला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही. वायर डिकीच्या दाराच्या रबरी नळीतून आत घेतली, आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकते, आत जात नाही. ही युक्ती नातवाला मामूंनी सांगितली. ताडपत्रीच्या दोरीला ते असाच झोळ देत.

दुसऱ्या दिवशी पडदा लावला तर मागच्या रिक्षाचा नंबर उलटा दिसत होता. मागे घेताना डावे ते डावेच दिसावे म्हणून असे कॅमेरे चित्र आरशासारखे फिरवतात. पुराव्याला उलटा नंबर काय कामाचा? सेटिंगमध्ये जाऊन ते सरळ केले. मग गाडी मागे घेऊन बघायची ठरली. मामू काठी टेकत उठले, डावा पाय जपत गाडीच्या मागे गेले, आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला सरून उभे राहिले. नातू म्हणाला, ‘दादा, मला दिसतंय, तुम्ही बसा.’

‘तू बघ ना,’ मामू म्हणाले आणि डिकीवर थाप मारली, ‘आन दे.’