‘गेल्या महिन्यात किती वेळा?’

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं. मृतांची, पडझडीची मोजदाद झाली. ज्यांची झोप कायमची उडाली, त्यांच्या दुखण्याला मात्र तेव्हा वैद्यकाच्या यादीत स्वतंत्र नावच नव्हतं. ‘आघातोत्तर ताण विकार’ हे नाव 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या तिसऱ्या निदानपुस्तिकेत आलं, त्यातही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्याचा वाटा मोठा. अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव असलेल्या सातारा जिल्ह्याला सैनिकांचं दुखणं वेगळं सांगायला नको.

1989 मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यात या विकाराचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. मॅथ्यू फ्रीडमन त्याचे पहिले कार्यकारी संचालक. या केंद्राचं नाव जगभर झालं ते 1990 मध्ये तिथल्या संशोधकांनी हा विकार मोजण्यासाठी मांडलेल्या ‘कॅप्स’ मुलाखतीमुळे. सुरुवातीला 17 लक्षणं होती आणि प्रत्येकाला दोन आकडे: किती वेळा, किती तीव्र. 2013 मध्ये पाचवी निदानपुस्तिका आली आणि ‘कॅप्स-5’ मध्ये लक्षणं 20 झाली, दोन आकड्यांचा एक झाला. 0 ते 4, बेरीज जास्तीत जास्त 80.

आकडा एकच, पण तो ठरवणं सोपं नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी पुरात नाव उलटली. समजा, त्यातून वाचलेला कुणी म्हणतो, “सर, ते डोळ्यांसमोरून हलतच नाही.” एवढ्यावर 4 लिहायचे नाहीत. गेल्या महिन्यात किती वेळा? “आठवड्यातनं दोन-तीनदा.” तेव्हा काय होतं? “वैरण टाकता टाकता तसाच उभा ऱ्हातो.” मन दुसरीकडे वळवता येतं? “लई अवघड जातं.” हे झाले 3. महिन्यातून दोनदाच, पण त्रास स्पष्ट, तर 2. लक्षण निदानात धरतात ते इथपासून. झोपमोड पुराच्या आधीपासूनचीच असेल, तर ती या खात्यात घालत नाहीत.

‘गेला महिना’ ही अट मात्र आपल्याकडे जपून वापरावी, असं मला वाटतं. मार्चमधली कृष्णा कुणाला भीती घालणार? सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी फुटाफुटानं चढू लागते, तेव्हा 2019 चे 57 फूट आठवतात. पाटणला आंबेघर, मिरगावची दरड जुलै 2021 ची. तिथंही पाऊस लागला की जीव खालीवर होणार. उन्हाळ्यात घेतलेला आकडा कमी भरला म्हणून माणूस सावरला, असं लिहून मोकळं होता येत नाही. आयुष्यातला सर्वांत वाईट महिना धरून विचारायची आवृत्तीही केंद्राने ठेवली आहे. ती इथं हाताशी हवी. आणि वेळही हवा. एका मुलाखतीला पाऊण ते एक तास लागतो. शिबिरात रांग लावून ती उरकता येत नाही.