साराबांद : एका निषिद्ध नृत्याची कथा

युरोपातील प्राचीन संगीताच्या मैफलींत ‘साराबांद’ सुरू झाली की श्रोतृवृंद स्तब्ध होतो. तीन मात्रांची संथ चाल, दुसऱ्या मात्रेवर रेंगाळणारा भार. जणू एखादी प्रार्थनाच चालली आहे! परंतु याच साराबांदवर १५८३ साली माद्रिदमध्ये बंदी आली होती. ती गाणाऱ्यास २०० फटके, शिवाय पुरुषास सहा वर्षे गलबतांवर वल्ही मारण्याची सजा व स्त्रीस हद्दपारी, असा तो हुकूम होता.

त्या काळी हे नृत्य द्रुतगतीचे व उच्छृंखल मानले जाई. त्याचे जुने उल्लेख स्पॅनिश अमेरिकेत आढळतात. त्याची बहीण शोभेल अशी ‘शाकोन’. सर्व्हान्तेसने १६१३ च्या एका कथेत तिला त्याच दूरदेशची, मिश्रवर्णाची म्हटले आहे.

हुकमाने नृत्य थांबले नाही. फ्रान्सच्या दरबारात मात्र त्याचे रूप पालटले. स्वतः नर्तक असलेल्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी स्थापिली. तेथील अभिरुचीत साराबांदची लय मंदावली, अंगविक्षेपांस मर्यादा आली. पुढे बाखच्या १७२० च्या हस्तलिखितातील एकल व्हायोलिनच्या एका रचनेत साराबांद आणि शाकोन दोघींनाही स्थान मिळाले. शाकोनची घडण आपणांस अगदीच परकी नाही. लहऱ्याप्रमाणे खालची सुरावट फिरत राहते व तिच्यावर नवनवे विस्तार चढत जातात.

दरबारी पदन्यास फय्येच्या १७०० सालच्या ग्रंथामुळे चिन्हलिपीत टिकले. त्यांवरूनच आजचे नर्तक ते पुन्हा उभे करतात. पण ज्या सामान्य जनांनी हे नृत्य प्रथम नाचले, त्यांचे पदन्यास कोणी लिहून ठेवले नाहीत. म्हणूनच स्पेनचे जोर्दी साव्हाल यांनी मेक्सिकोच्या ‘तेम्बेम्बे’ वादकवृंदाशी केलेल्या सहकार्याचे मोल मोठे आहे. २०१० च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात जुन्या लिखित रचनांशेजारी मेक्सिकोचे जिवंत लोकसंगीत येते. कागदावर जे उतरले नाही, ते वाजविणाऱ्यांच्या हातांत शोधावे, हा त्यामागील विचार होय.

गोमंतकातील देवळांच्या आश्रयाने ज्यांनी गायन-नर्तन जतन केले, त्या कलावंतिणींचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. कलेला उच्चासन देताना तिला वाढविणाऱ्यांस दाराबाहेर ठेवणे, हा दोष केवळ लुईच्या दरबाराचा नव्हे. तो आपल्याही अंगणातला आहे.