मिग वेल्डिंग यंत्र : सामायिक कार्यशाळेतील वापर व निगा

मिग वेल्डिंग यंत्र : गुंडाळीवरून सतत पुढे सरकणारी धातूची वायर आणि जोडायचा धातू यांच्यात आर्क पेटवून, भोवती वायूचे आवरण ठेवून वेल्डिंग करणारे यंत्र. आवरणाला आरगॉनसारखा निष्क्रिय वायू असल्यास मिग आणि कार्बन डाय-ऑक्साइड किंवा त्याचे मिश्रण असल्यास मॅग असा शास्त्रीय भेद आहे. कारखान्यांत दोन्हींना मिग किंवा ‘सीओटू’ म्हणतात. आयटीआय, अभियांत्रिकी महाविद्यालये, फॅब लॅब अशा ठिकाणी एकच यंत्र अनेकांच्या हातांखालून जाते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात (स्थापना १९८३) ग्रामीण युवकांच्या तंत्रशिक्षणात वेल्डिंग शिकवले जाते. अशा कार्यशाळेत निगा हा वापराचाच भाग असतो, कारण एकाची हयगय पुढच्याच्या जोडात उतरते.

इतिहास : १९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत विकसित झाली. निष्क्रिय वायू महाग असल्याने ती आरंभी मुख्यतः ॲल्युमिनियमसारख्या अलोह धातूंसाठी वापरली जाई. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधक ल्युबाव्हस्की व नोव्होशिलोव्ह यांनी पोलादासाठी कार्बन डाय-ऑक्साइड वापरला आणि ही पद्धत साध्या फॅब्रिकेशनच्या आवाक्यात आली. त्या दशकाच्या अखेरीस बारीक वायरची शॉर्ट-सर्किट पद्धत आली व पातळ पत्राही जोडता येऊ लागला.

रचना व कार्य : वीजस्रोत, वायर फीडर, टॉर्च, अर्थ क्लॅम्प आणि रेग्युलेटरसह गॅस सिलिंडर हे मुख्य भाग. यंत्र व्होल्टेज जवळपास स्थिर ठेवते. टॉर्च किंचित लांब गेली की आर्क लांबते, करंट घटतो, वायर सावकाश वितळते आणि आर्क पुन्हा मूळ लांबीवर येते. वायरच्या वेगाने करंट ठरतो, व्होल्टेजने आर्कची लांबी व बीडची (जोडावर घातलेल्या धातूच्या पट्टीची) रुंदी. साध्या पोलादासाठी दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० ॲम्पिअर हा ठोकताळा चालतो. ३ मिमी पत्र्याला ०.८ मिमी वायर, सुमारे १२० ॲम्पिअर व १८ ते २० व्होल्टपासून सुरुवात करावी. जुळणी बरोबर असली की कढईत भजी तळताना येतो तसा सलग चरचर आवाज येतो.

वापर : आधी जोडाजवळचा रंग, गंज व तेल काढावे आणि क्लॅम्प उघड्या धातूवर लावावा. वायर टॉर्चच्या टोकावरील टिपेबाहेर १० ते १५ मिमी ठेवावी, गॅसचा प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर असावा. पंख्याचा झोत कामावर येऊ देऊ नये. वाऱ्याने गॅस उडतो आणि बीडमध्ये छिद्रे पडतात. गॅसच्या सॉलिड वायरला टॉर्च धनाग्राला जोडतात, तर बिनगॅसच्या फ्लक्स-कोअर वायरला सामान्यतः ऋणाग्राला. कुणी ही जोडणी बदलून तशीच ठेवली, तर पुढच्याला कारण न कळता नुसता स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडताना दिसतो. जाड प्लेटवर कमी करंटने घातलेली बीड वरून देखणी दिसली, तरी खालचा धातू वितळलेला नसू शकतो. भार घेणाऱ्या कामाआधी टाकाऊ तुकड्यावर जोड घालून तो मोडून पाहावा.

सुरक्षितता : मुखवट्यात क्रमांक १० ते १३ची काच, चामडी हातमोजे आणि सुती कपडे आवश्यक आहेत. आर्कच्या अतिनील किरणांनी शेजाऱ्याच्याही डोळ्यांना इजा होते व काही तासांनी ते वाळू गेल्यासारखे खुपू लागतात. म्हणून पडदा लावावा आणि आर्क पेटवण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. जस्ताच्या मुलाम्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. क्लोरिनयुक्त क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. सर्वच वेल्डिंगचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगास कारणीभूत ठरवला आहे, त्यामुळे धूर ओढून घेणारी सोय असावी. ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून सुतारकामाचा भुसा जवळ नको. काम संपल्यावरही निदान अर्धा तास कोपऱ्यांवर लक्ष ठेवावे. सिलिंडर उभा व साखळीने बांधलेला असावा.

निगा : बहुतेक बिघाड वायरच्या वाटेत असतात. टिपेचे भोक झिजून लांबट झाले की आर्क थरथरते. टिप बदलणे हाच उपाय. नोझलमध्ये साचलेला स्पॅटर गॅसची वाट अडवतो, म्हणून तो वरचेवर खरवडावा. फीडरचा रोलर गरजेपेक्षा घट्ट आवळला आणि वायर टिपेत अडकली, तर फीडरपाशी तिचा गुंता होतो. ताण वायर न घसरता सरकेल एवढाच ठेवावा. नवी गुंडाळी चढवताना टिप काढून लायनरमध्ये (केबलमधील वायरच्या नळीत) फीडरच्या बाजूने कोरडी हवा मारावी, म्हणजे तांब्याचा चुरा निघतो. केबलला तीव्र वळणे देऊ नयेत. कोकणासारख्या दमट हवेत गुंडाळी उघडी राहिली तर वायर गंजते व लायनर खराब करते. काम थांबल्यावर ती झाकावी किंवा काढून ठेवावी. कार्बन डाय-ऑक्साइडच्या सिलिंडरवरचा हीटर चालू आहे ना, हे पाहावे. तो बंद असल्यास रेग्युलेटर गोठतो. जोडण्यांची गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. ग्राइंडरचा लोखंडी चुरा इन्व्हर्टरच्या सर्किटवर बसून ते निकामी करू शकतो, म्हणून ग्राइंडिंगची जागा दूर असावी. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग. यंत्र तापून थांबल्यास पंखा चालू ठेवून थंड होऊ द्यावे.

हस्तांतर : यंत्रावर वायरचा व्यास, गॅस, ध्रुवता आणि नेहमीच्या जाड्यांची सेटिंग्ज लिहिलेला तक्ता लावावा. शेवटच्या माणसाने सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतला गॅस सोडावा, वीज तोडावी, केबल सैल गुंडाळावी आणि सेटिंग्ज तक्त्याप्रमाणे परत आणावीत. बदललेली टिप, बदललेली ध्रुवता आणि जाणवलेला दोष नोंदवहीत तारखेसह लिहावा. नवशिक्याला या नोंदींमुळे चुकीचे मूळ यंत्रात आहे की आपल्या हातात, हे ओळखता येते आणि त्याचे शिक्षण अडत नाही.