आकाशांतील चिन्हें व इतिहासाचा पुरावा

बखरींतील उत्पातांच्या नोंदी वाचतांना अभ्यासकास असा प्रश्न नेहमीं पडतो कीं, नोंद खरी ठरली तर तिचा लोकांनीं लावलेला अर्थहि खरा मानावा काय? या बाबतींत अमेरिकेंतील एक उदाहरण उद्बोधक असल्यामुळें त्याचा विचार येथें करीत आहों.

नव्या करारांतील ‘प्रकटीकरण’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत अंतकाळाचीं चिन्हें क्रमानें दिलीं आहेत: मोठा भूकंप, सूर्य काळा व चंद्र रक्तवर्ण होणें, आणि तारे गळून पडणें. विल्यम मिलर याच्या अनुयायांतून निघालेल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथानें हीं चिन्हें तीन घटनांशीं जुळविलीं: १७५५ चा लिस्बनचा भूकंप, १९ मे १७८० चा न्यू इंग्लंडांतील काळोख व १३ नोव्हेंबर १८३३ ची उल्कावृष्टि.

तो काळोख खराच पडला होता; भर दुपारीं मेणबत्त्या लावाव्या लागल्या. कनेक्टिकटच्या मंडळांत सभा तहकूब करण्याची सूचना येतां अब्राहम डेव्हनपोर्ट यानें उत्तर दिलें कीं, न्यायाचा दिवस आला नसेल तर उठण्याचें कारण नाहीं. आला असेल तर आपण कर्तव्य करीत असतांनाच सांपडावें. परंतु तें ग्रहण नव्हतें. सूर्यग्रहण अमावास्येसच होतें, आणि तेव्हां पौर्णिमा नुकतीच झाली होती. पावसाच्या पाण्यावर काजळी असून त्यास जळक्या पानांचा वास येत होता, अशा नोंदी त्याच काळच्या आहेत. आँटेरिओंतील वृक्षांच्या वलयांत त्या सुमाराच्या वणव्याच्या खुणा एकविसाव्या शतकांतील संशोधकांना आढळल्या आहेत.

उल्कांविषयीं येल येथील डेनिसन ओल्मस्टेड यांनीं दाखविलें कीं, त्या सर्व सिंह राशींतील एकाच बिंदूपासून येतांना दिसतात. अशीच वृष्टि हुंबोल्टनें १७९९ सालीं व्हेनेझुएलांत पाहिली होती, व १८६६ सालीं ती पुन्हां झाली. सुमारें ३३ वर्षांनीं परतणाऱ्या या प्रकारांतून यादींत मात्र १८३३ चीच वृष्टि घेतली गेली.

अशा निवडीची किंमत लहान नसते. मिलरच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस धरला आणि कित्येकांनीं पिकें शेतांतच सोडलीं. दिवस मात्र नेहमींप्रमाणेंच मावळला.

तथापि जुन्या नोंदी भाकड म्हणून टाकून देणें आम्हांस मान्य नाहीं. काजळीची व वासाची नोंद कोणी केली नसती, तर काळोखाचें कारण उलगडणें अवघड झालें असतें. साक्षीदारानें जें पाहिलें तें जपून ठेवावें, व त्यावरून जें अनुमान काढलें गेलें तें स्वतंत्रपणें तपासावें, हाच संशोधकाचा मार्ग होय.